पलीकडच्या काठावरची म्हातारी

रत्नदीपने ट्रायपॉडचा तिसरा पाय चिखलात दाबला, लांब लेन्स त्यावर बसवली आणि डोळा लावला. उल्हास नदीवर अजून धुकं होतं. जलपर्णीच्या हिरव्या पट्ट्यावरून एक पाणकोंबडी लांब बोटं टाकत चालली होती. तिच्यावरून त्याने लेन्स हळूहळू सरकवत पलीकडच्या काठावर नेली.

म्हातारी आलेली होती.

गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातात काठी. मागे भाजीचा मळा आणि पत्र्याची खोपी. ती रोजच्यासारखी थेट त्याच्याकडे तोंड करून उभी होती. रत्नदीपने हात वर केला. तिने काठी वर केली.

त्याला बरं वाटलं. मग तो खंड्या पक्ष्याची वाट बघू लागला.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने ही लेन्स घेतली होती. मेघना तेव्हा घरात होती, आल्यागेल्याला ती हसत सांगायची, "ह्यांना आता पाखरं हवीत." मग मुलीच्या, उत्तराच्या, बाळंतपणासाठी ती हैदराबादला गेली. दोन महिन्यांसाठी गेलेली. आता बाळ रांगायला लागलं होतं. तिचा फोन यायचा, "जेवलात ना? थांबा हं, उठला वाटतं," आणि शहाडच्या त्या दोन खोल्यांत पुन्हा पंख्याचा आवाज राहायचा. कधीकधी संध्याकाळी दुकानात काही मागताना त्याचा घसा बसलेला असे. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलत असायचा.

त्याला हवा होता कवड्या खंड्याचा एक फोटो. हा काळापांढरा पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. तो पडण्याचा क्षण हिवाळाभर हुकत होता. पण रत्नदीप रोज येत राहिला. पलीकडे कोणीतरी आपल्या वेळेला येतं, आपण सामान आवरेपर्यंत थांबतं, ही गोष्ट त्याने मेघनालाही सांगितली नव्हती.

एका सकाळी पक्षी नेमका तिच्या समोर येऊन हवेत थांबला, आणि दोघं एकाच फोटोत आले. त्याने कल्याणला जाऊन तो मोठा करून घेतला, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग टाकली आणि रिक्षाने पूल ओलांडला.

खोपीसमोर म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत होती. त्याच्या हातातलं पाकीट बघून ती उठली. काठी घेऊनच उठली.

"तूच ना तो? पल्याडचा?"

"हो. रत्नदीप. हे तुमच्यासाठी आणलंय."

तिने फोटो उन्हाला धरला. तिची नजर फोटोतल्या स्वतःवरून मागच्या मळ्यावर गेली.

"माजा फोटू कारलास? जागंसकट?" ती म्हणाली. "कोनाला देनार हा? कोनाचा मानूस तू?"

"कोणाचा नाही, आजी. मी पक्ष्यांचे फोटो काढतो. हा बघा ना, वर, खंड्या."

"तीन पायांचं यंत्र घेऊन मोजनीवाले बाजूच्या जागंत पन असंच आलंते. बगत व्हते नुसतं. मंग खुंट्या ठोकल्या, मंग कुंपन आलं." तिचा आवाज चढला. "मी आवडाबाई हाय. माजा नवरा धाकू गेला तरी मी हाय. म्हनून रोज उबी ऱ्हायले तुज्यासमोर. काठी दाखवली तरी जात नव्हतास!"

रत्नदीपने खाली बसून बॅग उघडली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवू लागला. पाणकोंबडी, बगळा, खंड्या, पुन्हा खंड्या. आवडाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा श्वास हळूहळू शांत झाला.

"पाखरांसाठी येवरं मोठं यंत्र?" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "खरंच मोजनीवाला नाय ना तू?"

पडद्यावरचं त्याचं बोट थांबलं. खरं सांगितलं की उद्यापासून पलीकडे कोणी उभं राहणार नव्हतं.

"नाही."

"बुद्दाची शपत घे."

त्याच्या गळ्यातल्या लॉकेटकडे तिचं लक्ष गेलं होतं. त्याने लॉकेटला हात लावला. "शप्पथ."

आवडाबाई मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबू लागली.

"दवात उबं ऱ्हाऊन पार मोरले रे हे. डाक्तर बोलला, सकालचं उठू नको. पन जीव ऱ्हात नव्हता." तिने एक जुडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "आता निजंन मी निवांत. ऊन वर येस्तोवर."

"झोपा, आजी," रत्नदीप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुकं लवकर विरलं. खंड्या नदीच्या मधोमध आला, एका जागी थांबला आणि सरळ खाली पडला. चोच पाण्याला टेकतानाचा क्षण स्वच्छ मिळाला. रत्नदीपने तो पडद्यावर मोठा करून पाहिला. पंखांवरचा थेंबन् थेंब दिसत होता.

त्याने लेन्स पलीकडे वळवली. मळा होता, खोपी होती, दार लावलेलं होतं.

तो बराच वेळ तसाच वाकून बघत राहिला. मग त्याने डोळा बाजूला घेतला आणि दाराकडे रोखलेली लेन्स अलगद खाली, पाण्याकडे झुकवली.