मी थोपवलेला समुद्र

सुज्ञ वाचकहो, एका रविवारी मी केवळ प्रार्थनेच्या बळावर प्रशांत महासागर कसा थोपवून धरला, आणि त्याच दुपारी भर मंडळीसमोर बैल या पदवीस कसा पोहोचलो, त्याचे यथातथ्य वर्णन पुढे येत आहे. पहिल्या गोष्टीविषयी आमच्या बेटावर आता कोणी बोलत नाही. दुसरी विसरायला कोणी तयार नाही.

मी आमच्या चर्चच्या मंडळीचा डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा सेवक. शिक्षण मिशनच्या शाळेत सहावीपर्यंत झाले. परंतु देवाने आवाज मोठा दिला, आणि तुवालूच्या लहानशा बेटावर विद्वत्तेची उणीव आवाजाने पुष्कळ भरून निघते. माझ्या प्रतिष्ठेचे दुसरे कारण म्हणजे माझा पुलाका. पुलाका हा अळूचाच थोरला भाऊ. त्याची पाने माणसाच्या डोक्यावरून जातात. प्रवाळाची जमीन गोडे पाणी लागेपर्यंत खणून त्या खड्ड्यात तो लावायचा, आणि त्याला कोणत्या पानांचे खत घालायचे हे बापाने मुलाला एकांतात सांगायचे, अशी आमची रीत. कंद काढला की शेंडा पुन्हा मातीत जातो. त्यामुळे माझ्या आजोबांच्या आजोबांनी लावलेले रोपच माझ्या खड्ड्यात अद्याप जिवंत होते. हे वाण बेटावर इतरत्र कोठेही नव्हते, कारण आमच्या घराण्याने कधी कोणाला शेंडा दिला नाही. या कंजूषपणाला आम्ही परंपरा म्हणत असू.

अलीकडे खड्ड्यांतून खारे पाणी झिरपू लागले, तेव्हा सरकारने पुलाका लावण्यासाठी सिमेंटच्या उंच टाक्या देऊ केल्या. माझा धाकटा मेव्हणा सापोआ याने पहिली टाकी घेतली. मी मात्र सभागृहात उभा राहून जाहीर केले, की जलप्रलयानंतर देवाने ढगांत मेघधनुष्य ठेवून पृथ्वी पुन्हा बुडणार नाही असे वचन दिले आहे; तस्मात् टाकी घेणे म्हणजे त्या वचनावर अविश्वास दाखवणे होय. घरी आल्यावर माझी पत्नी पासेमेता एवढेच म्हणाली, की वचनात पृथ्वीचा उल्लेख आहे खरा, आपल्या खड्ड्याचा तिला काही आढळला नाही. मी तिला अर्थ समजावून सांगितला. ती झोपून गेल्यावरही काही काळ सांगत होतो.

त्याच सुमारास सापोआ रविवारी टाकीत पाणी घालताना माझ्या दृष्टीस पडला. शब्बाथाच्या दिवशी आमच्याकडे खणणे, मासे धरणे, ओझे वाहणे वर्ज्य. मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि असा ठराव संमत करून घेतला, की पीक मेले तरी चालेल, परंतु रविवारी शेतीच्या कामाला हात लावणाऱ्याने यापुढे उपासनेत सर्वांत मागच्या चटईवर बसावे.

त्यानंतर रेडिओवर सूचना आली, की येत्या रविवारी उधाणाची मोठी भरती आहे. शनिवारी पासेमेताने सुचवले, की शेंडे आजच काढून सापोआच्या टाकीत ठेवू या. मी उत्तर दिले, की डीकनचा पुलाका पळून जात नसतो.

रविवारी उपासना आटोपताच मी सर्व मंडळीला समुद्राकडे घेऊन गेलो, जुन्या वादळाने रचलेल्या खड्यांच्या बांधावर चढलो आणि हात पसरून समुद्राला थांबण्याची आज्ञा केली. लाटा बांधाच्या निम्म्यापर्यंत चढल्या, आणि वाचकहो, तेथेच थांबल्या. त्या क्षणी मी स्वतःला कोणाकोणाच्या पंक्तीत बसवले, ते येथे लिहिण्यास मी लाजतो. प्रार्थना संपली होती. तरी मी ती लांबवली.

एवढ्यात मागे कुजबूज ऐकू आली. वळून पाहतो तो बांधाखाली मंडळी घोट्याभर पाण्यात उभी. समुद्र बांध ओलांडून आलाच नव्हता; तो प्रवाळाच्या भोकांतून, बुडबुडे काढीत, त्यांच्या पायांखालून वर आला होता. मी ओटीवर पहारा देत होतो आणि पाहुणा माजघरात उगवला होता.

"अहो," पासेमेता म्हणाली, "खड्डा."

मी धावलो. खड्ड्यात खारे पाणी देठांपर्यंत चढले होते. उद्यापर्यंत थांबलो असतो तर एकही शेंडा वाचला नसता आणि पाच पिढ्यांचे रोप माझ्या हातून संपले असते. काठावर मला क्षणभर ठराव आठवला, आणि मी पांढऱ्या लुंगीसह उडी मारली. कमरेपर्यंत चिखलात रुतलो. एक शेंडा उपटला, दुसरा हलेना.

मंडळी मागोमाग येऊन काठावर उभी राहिली. खाली कोणीही उतरले नाही. मी हाक मारली, तेव्हा सापोआ उकिडवा बसत म्हणाला, "दाजी, उद्या उजाडल्यावर पहिला मी येतो बघा. आज नको. मागच्या चटईवर बसायचं म्हणजे, माझी कंबर आधीच दुखती."

मला धीर यावा म्हणून कोणीतरी स्तोत्र सुरू केले. सर्वांनी ते चार सुरांत उत्तम म्हटले. सवयीने मीही म्हटले.

मग पाळकसाहेब पुढे झाले. "डीकन, ठराव मोडायचा आहे का तुम्हाला?"

"मोडायचाय," मी म्हणालो. माझा आवाज इतका लहान असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. "वाण जाईल हो माझं."

पाळकसाहेब मंडळीकडे वळले. "शब्बाथाला बैल खड्ड्यात पडला तर वर काढावा, असं शास्त्रात आहे. या बेटावर बैल कसा तो कुणी पाहिला नव्हता. आज दिसला. उतरा रे खाली."

सारे उतरले. पासेमेता सर्वांच्या आधी उतरली. मोठे कंद आतून मऊ पडले होते. घट्ट शेंडे जेमतेम टोपलीभर निघाले. सापोआने आपली रोपे सरकवून टाकीत जागा केली आणि विचारले, "आता हे वाण माझंबी झालं का नाही?" मी हो म्हटले. "आणि खताचं गुपित?" मी तेही त्याच्या कानात सांगितले.

"एवढंच?" तो म्हणाला. "हे तर मी कधीपासून करतोय."

दुसऱ्या दिवशी सडलेल्या खड्ड्यावर मेघधनुष्य उमटले. त्यातील वचनावर माझी श्रद्धा आजही आहे; मी त्याला नमस्कार केला आणि पाण्याची बादली उचलली. नव्या शेंड्यांना रोज पाणी लागते, रविवारीसुद्धा. त्यामुळे माझ्याच ठरावानुसार मी दर आठवड्यास मागच्या चटईवर बसतो. तेथे टेकायला खांब आहे आणि लगूनच्या उथळ, शांत पाण्यावरून वारा येतो. सापोआची कंबर कधी दुखत नव्हती, असे माझे मत झाले आहे.

गेल्या रविवारी टाकीत पहिले नवे पान उलगडले. येथवर सोबत केल्याबद्दल सर्व वाचकांचा ऋणी,

लापाना उलुओ, डीकन, मागची चटई.