सत्याऐंशीचा सीझन

“आणि मग कोच माझ्याकडे वळले,” गुरुदत्त म्हणाला, “आणि म्हणाले, गुरू, हा खेळू शकेल का?”

“अँड यू सेड, येस सर,” गाडी चालवता चालवता अनिकानं वाक्य पुरं केलं. “बाबा, आय नो धिस स्टोरी.”

गुरुदत्त हसला. शुगर लँडहून निघून तीन तास झाले होते. कॉलेजच्या जुन्या टीमच्या रीयुनियनला त्याची बायको शुभा येणार होती, पण तिचा गुडघा दुखावला, म्हणून अनिका आली होती. ह्यूस्टनमध्ये ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि बापाला एकट्यानं एवढं ड्राइव्ह करू द्यायला तयार नव्हती.

सत्याऐंशी साली गुरुदत्त पेंढारकर सांगलीहून टेक्सासच्या एका छोट्या कॉलेजात मास्टर्स करायला आला. कॅम्पसवर काम मिळालं ते फुटबॉल टीमच्या ट्रेनिंग रूममध्ये. खेळाडूंचे घोटे टेपनं बांधायचे, बर्फाच्या पिशव्या भरायच्या, सामन्यात मैदानाच्या कडेला पाणी घेऊन उभं राहायचं. हा खेळ म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं. पहिला महिनाभर त्याला नियमही कळत नव्हते. पण त्या वर्षी टीम एकही सामना हरली नाही, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत गावातल्या डायनरमधली माणसंही त्याला ओळखायला लागली. या देशात त्याला पहिल्यांदा ‘आम्ही’ म्हणता आलं ते त्या पोरांमुळे.

पुढे नोकरी लागली, घर झालं. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला कुणी ना कुणी म्हणायचंच, “पेंढारकर, ती फुटबॉलची गोष्ट सांगा ना.” मग तो सांगायचा. कर्टिस बोमन, टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा, डोक्यावर आपटून बाहेर आला. आम्ही चार पॉइंटनी मागे. मोठा ट्रेनर दुसऱ्या जखमी पोराला घेऊन आत गेलेला. मी कर्टिसला तपासलं, तीन प्रश्न विचारले, कोचना येस सर म्हटलं. कर्टिस पुन्हा मैदानात गेला आणि साठ यार्ड धावला. आम्ही जिंकलो.

सगळे टाळ्या वाजवायचे.

कॉलेजच्या जुन्या जिममध्ये जेवण मांडलं होतं. तेव्हाचा कॅप्टन रॉजर, आता पूर्ण टक्कल पडलेला, येऊन त्याच्या गळ्यात पडला. “गुरू, यू मेड इट.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कर्टिस आलाय. भेट त्याला. पण जरा सांभाळून.”

कर्टिस खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खांदे अजून तसेच रुंद. शेजारी त्याची बायको डॉना त्याच्या चिकनचे बारीक तुकडे करत होती. गुरुदत्तनं हात पुढे केला. रांगेतल्या अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं कर्टिस हसला, आणि पुन्हा ताटाकडे बघू लागला.

“तुम्ही गुरू ना?” डॉना म्हणाली. “तुमच्याबद्दल बोलायचा हा. घोटा बांधावा तर गुरूनंच, म्हणायचा.” तिनं सुरी खाली ठेवली. “अठ्ठावन्न वर्षांचा आहे हो हा फक्त. डॉक्टर विचारतात, डोक्याला मोठा मार कधी बसला होता का. त्याला तर काही आठवत नाही. म्हणून मी इथे प्रत्येकाला विचारतेय. तुम्हाला काही आठवतं?”

“नाही,” गुरुदत्त म्हणाला. “म्हणजे, मार सगळ्यांनाच बसायचा. खास असं काही आठवत नाही.”

तिनं मान हलवली आणि पुन्हा सुरी उचलली.

तो वळला तर मागे अनिका उभी. तिच्या हातात दोन ताटं होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसल्यावर तिनं विचारलं, “बाबा, तुझ्या स्टोरीत तू कर्टिसला चेक करतोस. यू आस्क हिम थ्री क्वेश्चन्स.”

“हो.”

“व्हॉट डिड ही से?”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

स्कोअर कर्टिसनं बरोबर सांगितला होता. समोरच्या टीमचं नाव आठवायला वेळ घेतला, पण सांगितलं. मग गुरुदत्तनं विचारलं, आज वार कुठला? “मंगळवार,” कर्टिस म्हणाला. कॉलेजचे सामने शनिवारी असायचे. तो सीझनभर एकाही मंगळवारी खेळला नव्हता. गुरुदत्तच्या चेहऱ्यावरून कर्टिसला कळलं की काहीतरी चुकलं. त्यानं गुरुदत्तचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाला, सांगू नकोस. पण गुरुदत्त गप्प राहिला तो त्यासाठी नव्हे. कोचनी त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती, आणि बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. त्या संध्याकाळी पार्टीत कर्टिसला दोनदा उलटी झाली. पोरं हसली, म्हणाली, बीअर चढली. बादली गुरुदत्तनं धरली होती. कर्टिसनं बीअरला हातही लावला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

“वार चुकला त्याचा,” तो म्हणाला. “शनिवार होता. तो मंगळवार म्हणाला.”

अनिकानं काटा खाली ठेवला. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याच्याजवळ उत्तरं होती. मी तेवीस वर्षांचा होतो. शिकलेला ट्रेनर नव्हतो. तेव्हा या गोष्टी कुणालाच कळत नव्हत्या. सगळी खरी होती. मुलीच्या तोंडाकडे बघून त्यातलं एकही त्याला बोलवेना.

“शी आस्क्ड यू, बाबा,” ती हळूच म्हणाली. “आत्ता. शी जस्ट आस्क्ड यू.”

भिंतीवरच्या पडद्यावर जुनी फिल्म सुरू झाली. धूसर मैदान, लाल जर्सी. कर्टिसची ती धाव आली आणि सगळे उभं राहून ओरडू लागले. त्या गोंगाटात गुरुदत्त खिडकीजवळच्या टेबलाशी गेला आणि डॉनाच्या समोर बसला. कर्टिसही इतरांचं बघून टाळ्या वाजवत होता. पडद्यावर कोण धावतंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी मघाशी खोटं बोललो,” गुरुदत्त म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. मंगळवार, कोच, बादली. तो थांबल्यावर डॉना म्हणाली, “कुठल्या तारखेला?”

“सात नोव्हेंबर.”

“हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलं होतं?”

“नाही.”

“मी विचारलं तेव्हाही नाही.”

“नाही.”

तिनं पर्समधून एक वही काढली. पानं डॉक्टरांच्या तारखांनी आणि औषधांच्या नावांनी भरलेली होती. एका कोऱ्या पानावर ती बराच वेळ लिहीत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही. कर्टिसनं तिच्या ताटातला पाव उचलला. तिनं न बघता ताट त्याच्याकडे सरकवलं.

“हे कुणी सांगितलं, असं डॉक्टर विचारतील,” ती म्हणाली. “गुरू नको. पूर्ण नाव सांगा.”

त्यानं एकेक अक्षर सांगितलं. आधी नाव, मग आडनाव. तिनं वही त्याच्याकडे फिरवली. “बरोबर आहे का बघा.”

त्यानं खिशातून चष्मा काढून वाचलं. गुरुदत्तच्या स्पेलिंगमधला एक टी राहिला होता. त्यानं दाखवला. तिनं तो घातला.