एन्थाल्पीची तोंडी परीक्षा

बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे आमच्या डहाणूच्या पॉलिटेक्निकात जावईच. त्यांच्यासाठी पापलेट तळायचं, गाडीत चिकूची पेटी ठेवायची आणि त्यांनी काहीही विचारलं की गाइडमधलं वाक्य म्हणून दाखवायचं. २०१७ साली आलेले जावईबापू तर ढेकर देतच खुर्चीत बसले.

मी रूपी, गंजाडच्या पाड्यावरची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. या तोंडीत पास झाले तर तारापूरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागणार होते. नापास झाले की ती जागा दुसऱ्याची.

"एन्थाल्पी म्हणजे काय?" त्यांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

"शब्द मूळ ग्रीक आहे, सर. 'एन' म्हणजे आत, 'थाल्पोस' म्हणजे ऊब. पण नुसती ऊब धरून भागत नाही. पदार्थाच्या आतली ऊर्जा, आणि भोवतालच्या हवेला रेटून स्वतःपुरती जागा करायला लागते ती ऊर्जा, अशी दोन्ही मिळून एन्थाल्पी."

"ग्रीक!" साहेब हसले. "गाइडमध्ये काय दिलंय? एकूण उष्णता. संपलं. कोट्यातून येता, निदान पाठ तरी नीट करा."

उथळ पाण्याला खळखळाट फार. गाइडपलीकडे या माणसाने जन्मात काही वाचलं नसावं. मला त्यांची भीती वाटायला हवी होती, पण किळस आली.

"गाइड चुकलंय, सर," मी म्हटलं.

साहेबांनी शेजारी बसलेल्या दिपक सरांकडे पाहिलं. दिपक सर आमचे शिक्षक. याच माणसाने फळ्यावर भाताचं पातेलं काढून शिकवलं होतं, की झाकण उचलणारी वाफ आधी हवेला मागे ढकलते, तो जोरही धरायला विसरू नका. ग्रीक शब्दही त्यांनीच सांगितलेला.

"हे तुम्ही शिकवलंत?"

दिपक सर चष्मा पुसायला लागले. "नाही, सर. ही मुलं मनाचंच काहीतरी सांगतात."

मला नापास केलं. माझ्यामागून वर्गातला नयन आत गेला, "एकूण उष्णता" म्हणाला आणि पास होऊन बाहेर आला.

परीक्षक निदान अडाणी तरी होता. या दिपक सरांना सगळं ठाऊक होतं. दुपारी व्हरांड्यात कुणी नाही असं बघून ते माझ्याजवळ आले.

"रूपी, तुझं उत्तर बरोबर होतं गं," ते हळूच म्हणाले. "पण समजून घे. माझी नोकरी अजून पक्की नाही."

"समजलं, सर," मी म्हटलं. "माझी लागायच्या आधीच गेली."