कौशल्येचं पोटॅशियम

टेबलावर मातीच्या बेचाळीस पुड्या होत्या, डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या, गॅसचं एकच सिलिंडर, तेही संपत आलेलं, आणि रुमालात गुंडाळलेली रक्ताची एक नळी.

नळी घेऊन आलेला माणूस स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होता. सूर्यभान, धामणगावकडचा शेतकरी. रात्र बडनेऱ्याच्या फलाटावर काढून सकाळच्या गाडीनं अकोल्याला आला होता. अमरावतीच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं माझ्यापुढे ठेवली: रक्तातलं पोटॅशियम मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तुमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आहे असं कळलं. त्या काळी अशी यंत्रं दवाखान्यांत क्वचितच असत.

रुग्ण म्हणजे त्याची बहीण कौशल्या. पहाटे तिचे हातपाय लुळे पडायचे आणि दुपारपर्यंत ती आपोआप उठून बसायची. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. सासू म्हणायची, काम चुकवायला सोंग करते. नवऱ्यानं तर सांगून टाकलं होतं, या खेपेला दवाखान्यात काही निघालं नाही तर तिला माहेरीच ठेवा.

"म्या तिचा पाय उचलून पाह्यला, ताई. ओल्या पोत्यावानी खाली पडला. असं सोंग नसते."

आमचे साहेब मोरोपंत चष्मा पुसत म्हणाले, "कुंदाताई, मातीसोबत आपण खताची शिफारस लिहितो. हिला एकरी किती पोटॅश द्यायचं तेही लिहून द्या." मग सिलिंडरकडे बघून म्हणाले, "करा. पण आटपा लवकर."

यंत्रात नमुना गॅसच्या ज्योतीत फवारला जातो. पोटॅशियम त्या ज्योतीत फिकट जांभळं दिसतं. सोबत थोडंसं सोडियम असलं तरी त्याच्या भडक पिवळ्यात ते जांभळं बुडून जातं. रक्तात तर सोडियमच जास्त. यंत्रातली रंगीत काच पिवळं अडवते, आणि उरलेल्या उजेडावर काटा हलतो.

नळीतल्या रक्ताच्या गुठळीवरचं पाणी गुलाबी होतं. तेव्हाच मला शंका आली होती. काटा फार वर गेला. हिशेब सातच्या पुढे आला. निरोगी माणसात लिटरमागे साडेतीन ते पाच मिलीइक्विव्हॅलंट असतं.

"म्हंजे भरपूर हाये?"

"हा आकडा धरता येत नाही, भाऊ. पोटॅशियम रक्ताच्या तांबड्या पेशींच्या आत असतं. नळी वाटेत हिंदकळली, पेशी फुटल्या, आतलं बाहेर आलं."

"रातभर छातीशी धरून बसलो होतो." तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "कमी हाये म्हून लिहून द्या ना. तुमचं काय जाते?"

पुड्या तशाच पडल्या होत्या. लिहून दिलं असतं तर तोही सुटला असता आणि मीही.

"त्यावर डॉक्टर पोटॅशियम देतील. कमी नसताना दिलं तर हृदय बंद पडतं. हातपाय लुळे पडलेले असतानाच रक्त काढायला सांगा. वरचं पाणी तिथंच वेगळं करून आणा."

"म्हंजे बहीन पुन्हा लुळी पडाची वाट पाहू?"

"हो."

तो रुमाल खिशात कोंबून उठला.

पुढच्या आठवड्यात आला तेव्हा दाढी वाढली होती. नळीत गुठळी नव्हती. नुसतं गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं पाणी होतं.

"आज पहाटेचं हाये. मान बी उचलत नव्हती. जावई उद्या तिचं गाठोडं आनून देनार हाये." थोडा वेळ तो पुड्या न्याहाळत राहिला. "हे पोटॅशियम आमच्या मातीत असते काय?"

"काळ्या मातीत भरपूर."

"मंग तिच्यात काहून कमी राहीन? जन्मभर त्याच मातीत राबून राहिली."

"मोजू द्या, भाऊ."

मोरोपंतांनी स्वतः सिलिंडर हलवून पाहिलं आणि ज्योत लावली. "पुड्या राहू द्या आज," एवढंच म्हणाले. मी नुसतं पाणी लावलं; काटा शून्यावर. मग पोटॅशियमचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण. मग पन्नास पट पातळ केलेला नमुना, तीनदा. परत तेच द्रावण. काटा त्याच्या पहिल्याच जागी थांबला, म्हणजे यंत्र ढळलं नव्हतं. ज्योत फडफडून विझली, पण वाचन घेऊन झालं होतं.

लिटरमागे एक पूर्णांक आठ मिलीग्रॅम, गुणिले पन्नास, भागिले पोटॅशियमचा अणुभार एकोणचाळीस पूर्णांक एक. भागाकार दोनदा करून मी कागदावर लिहिलं:

कौशल्या, वय बावीस. हातपाय लुळे असताना काढलेलं रक्त. पोटॅशियम लिटरमागे २.३ मिलीइक्विव्हॅलंट. निरोगी माणसात ३.५ ते ५.