अडीच तासांचं अंतर

आमच्या शाळेत मुलं नऊ, आणि तिसरीत एकटी डार्का. सस्कॅचवानमधल्या आमच्या गावात तिच्या वयाचं दुसरं पोरच नव्हतं. पाढे म्हणायला सोबत नाही, भांडायलाही कुणी नाही. म्हणून मी शोधाशोध करून देशाच्या पार पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या एका बेटावरची शाळा गाठली. तिथे मुलं सात, आणि तिसरीत एकटा अ‍ॅम्ब्रोज.

दर सोमवारी आमच्या अकराला, म्हणजे त्यांच्या दीडला, व्हिडिओ कॉल लागायचा. त्या अडीच तासांच्या फरकावरून मी त्यांच्या ब्रायडी बाईंना छेडायचो. "बाई, तुमच्या घड्याळाला हे अर्ध्या तासाचं शेपूट कशाला?"

"सर, सूर्य आधी आमच्याकडे येतो. तुम्हाला मिळतो तो उरलासुरला," त्या म्हणायच्या.

डार्का आणि अ‍ॅम्ब्रोज मिळून गोष्ट लिहीत होते, समुद्र सोडून गव्हाच्या शेतांतून निघालेल्या बोटीची. एक वाक्य त्याने त्यांच्या फळ्यावर लिहायचं, एक हिने आमच्या. आठवड्याला दोनच वाक्यं व्हायची, बाकीचा वेळ भांडणात जायचा.

"बोटीला चाकं नसतात रे, मठ्ठ."

"मग शेतातून काय तू ढकलणारेस?"

डार्का डबा मुद्दाम अकरालाच उघडायची आणि बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी कॅमेऱ्यापुढे नाचवायची. तिकडे अ‍ॅम्ब्रोज जेवून बसलेला असायचा, तरी ओठ चाटायचा. अजून आठवलं की हसू येतं.

मग बेटावर मासे उरले नाहीत. लोकांनी मतदान करून गाव सोडायचं ठरवलं. मार्चमधल्या एका सोमवारी पावणेतीनला शेवटची बोट सुटणार होती. त्याच दिवशी दीडला गोष्टीचा शेवट लिहायचा होता. आधी अ‍ॅम्ब्रोजचं वाक्य, मग डार्काचं. तिने आपलं वाक्य आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

मार्चमध्ये जवळजवळ सगळा देश उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे सारतो. आम्ही सारत नाही. 'आमच्या गाईंना घड्याळ कळत नाही,' हे मी आयुष्यभर मिशीला पीळ देऊन सांगत आलो. त्या ऐटीत मी साफ विसरलो की आदल्याच दिवशी बेटावरची घड्याळं पुढे गेली होती.

आम्ही अकराला जोडले गेलो. कॉल त्यांनी चालूच ठेवला होता, पण वर्ग रिकामा होता. भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं. फळ्यावर अ‍ॅम्ब्रोजचं वाक्य होतं.

'बोट डार्काच्या गावाला पोचली, पण तिथे कुणीच नव्हतं.'

"सर, आपल्याला उशीर झाला?"

"तुला नाही. मी केला."

मला वाटलं, रडेल. तिने खडू उचलला. आठवडाभर जपलेलं वाक्य तिने लिहिलंच नाही. तिने लिहिलं, 'कारण गावाचं घड्याळ मागे होतं; डार्का धावत येतेय, थांबा.' आणि रिकाम्या वर्गाला दिसेल असा फळा कॅमेऱ्याकडे वळवून उभी राहिली.

पाच मिनिटांनी कोट घातलेल्या ब्रायडी बाई यंत्र बंद करायला आल्या आणि पडद्याकडे बघून थबकल्या.

"पोरी, आत्ता? तासभर बसला होता गं तो. ओढून न्यावा लागला."

"मिस, त्याला एवढं सांगाल?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वह्या, कागद सगळं खोक्यांत जाऊन पडलेलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अख्खं वाक्य तळहातावर उतरवून घेतलं. "दहा मिनिटं आहेत," एवढं म्हणाल्या आणि धावत सुटल्या. यंत्र बंद करायचं राहूनच गेलं. नऊ मुलं आणि मी त्या रिकाम्या वर्गाकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तिकडची वीज गेली.

तीन आठवडे पत्र नाही, कॉल नाही. सोमवारी अकराला डार्का डबा उघडायची आणि न खाता बंद करायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. मग एक पाकीट आलं. आत वहीचा फाडलेला कागद होता आणि फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत दोनच शब्द.

'बोट थांबली.'

डार्काने ते आमच्या फळ्यावर, तिच्या वाक्याखाली उतरवलं. शाळा बंद होईपर्यंत फळ्याचा तो कोपरा मी कुणाला पुसू दिला नाही.