चार क्रेडिट आणि चातुर्मासातला कांदा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि हे सांगताना माझी मान जराही खाली जात नाही. माझं एक बिजागर सैल आहे, बॅटरी कधीच मेली आहे, आतला पंखा म्हाताऱ्यासारखा खोकतो. तरीही मी भंगार नाही. का नाही, ते ऐका.

माझे सुटे भाग कुठे जुळले ते मला ठाऊक नाही. राजवर्धनने डिप्लोमाला असताना मला पोटाशी धरून मोटारसायकलवरून कसबा बावड्याला आणलं, ही माझी पहिली आठवण. त्याच्या आईने, शालूबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. त्यातली हळद अजून माझ्या कळांच्या फटीत आहे. पुढे राजवर्धन नोकरीला पुण्याला गेला आणि मी त्याच्या वडिलांच्या, गणपतरावांच्या वाट्याला आलो. घरचे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी माझ्यात पावणेदोनशे कीर्तनं भरून घेतली. रोज म्हशींच्या धारा झाल्या की माजघरात पूर्वरंग सुरू व्हायचा आणि आबा मांडीवर ताल धरायचे. काय ते दिवस! मग त्यांच्या हाती मोबाईल आला. कीर्तनं तिकडे गेली आणि माझ्या पाठीवर दुधाच्या चरवीची झाकणं वाळू लागली.

मला पुन्हा उघडलं ते राजवर्धनच्या बायकोने, क्रांतीने. लग्नाच्या धांदलीत तिचा बी.एस्सी.चा जीवशास्त्राचा एक विषय राहून गेला होता. कॉलेजने सांगितलं, ऑगस्टअखेर ऑनलाइन शिकून चार क्रेडिट आणा, म्हणजे पदवी देतो. मातीपरीक्षण केंद्रात तिच्यासाठी जागाही धरून ठेवली होती. ऑगस्ट चुकला की पदवी गेली, जागाही गेली.

"वैनी, ह्या डब्यावर परीक्षा देणार?" धाकटा दीर विश्वजित हसला. "त्याला आधी सलाईन लावा!"

"लावतो की. तू तुझं बघ," क्रांती म्हणाली.

त्या वेळीच मी ठरवलं. या पोरीचं काम होईपर्यंत मी डोळा मिटणार नाही.

आपल्या वेगाने शिकायचे तीन कोर्स सापडले. निवड कशी करायची? आबा म्हणाले, "त्यात काय अवघड? तिघांचं पयलं व्याख्यान लाव. मी सांगतो कोन बुवा पक्का."

चाळीस वर्षं कीर्तन ऐकलेला कान तो. पहिल्या मास्तरांना आबांनी दोन मिनिटांत उडवलं, "ह्यो नुस्ता वाचतोय." दुसऱ्या बाईंना म्हणाले, "ज्ञान हाय, पर गळा न्हाय." तिसऱ्याने पेशी समजावताना गोष्ट सांगितली, मध्ये थांबला, पुन्हा मूळ पदावर आला. आबा डोलायलाच लागले. "ह्येला म्हन्त्यात निरूपण! ह्योच घे."

क्रांतीने तोच घेतला. तीन आठवडे जीव ओतून शिकली. मग कॉलेजात विचारलं तेव्हा कळलं, त्या कोर्सचं नुसतं प्रमाणपत्र मिळतं. क्रेडिट शून्य.

आबांचा चेहरा एवढासा झाला. "पोरी, माझ्या कानानं घात केला."

"तुमचा कान न्हाय चुकला, आबा. मीच इचारलं न्हाय," असं म्हणून तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि रेघा मारल्या. क्रेडिट किती? आपलं कॉलेज मानतं का? वेग आपला की त्यांचा? प्रात्यक्षिक कुठे? पहिला कोर्स कॉलेजला मान्य होता, पण प्रात्यक्षिकाला आठ दिवस पुण्यात राहायला लागणार होतं, आणि म्हशी काही आठ दिवस थांबत नाहीत. दुसऱ्या, गळा नसलेल्या बाईंचा कोर्स सगळ्या रकान्यांत बसला. प्रात्यक्षिक घरीच, माझ्या कॅमेऱ्यासमोर. मला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक ते पोस्टाने पाठवणार होते.

जून-जुलै आम्ही राबलो. धारा काढून आली की ती मला उघडायची, आणि मी खोकत का होईना, उठायचो.

ऑगस्टात प्रात्यक्षिकाचा विषय आला. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवा.

झालं! आमच्या घरात कांदेनवमीला कांदाभजी करून सगळे कांदे संपवतात, आणि मग कार्तिकापर्यंत कांदा उंबरा ओलांडत नाही. विषय बदलून मिळावा म्हणून क्रांतीने लिहून पाहिलं. उत्तर आलं, बदल नाही. गोठ्यात बसावं, तर माझी पिन घट्ट धरणारं सॉकेट घरात एकच, माजघरातलं. अगदी देव्हाऱ्यासमोर.

"चातुर्मासात देवाम्होरं कांदा?" शालूबाई कडाडल्या. "मी जित्ती असताना न्हाय!"

"आत्ती, मी खात न्हाय, चिरून भाजीत घालत न्हाय. एवढासा पापुद्रा काचेवर ठेवतो," क्रांतीचा आवाज चढला. "देवाला माझं शिकणं बाटवत आसंल तर तसं देवानं सांगावं. मी परीक्षा देणारच."

आबा उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. परत आले ते टोपी हातात घेऊन. टोपीत एक कांदा.

"अवो, तुमीबी?"

"चाळीस वर्सं कीर्तन ऐकतोय, ते काय नुस्तं मान हलवायला व्हय? व्रत जिभेचं हाय, डोळ्याचं न्हाय. ठेव गं पोरी."

"आन् वास?"

"तुजं नाक मी धरतो की!"

शालूबाई हसल्या नाहीत. देव्हाऱ्याला धुतलेलं वस्त्र लावून तोंड फिरवून बसल्या.

परीक्षा सुरू झाली. पडद्यापलीकडून कोर्सच्या बाई बघत होत्या. क्रांतीने पापुद्रा काढला, आयोडीनचा थेंब टाकला, काच बसवली. आणि नेमका माझा पंखा थांबला. अंग तापलं, पडदा थरथरला. "गेला डबा!" विश्वजित दारातून पुटपुटला. मी बंद पडलो असतो तर तिची परीक्षा रद्द झाली असती. मी दात आवळले. जळेन, पण मिटणार नाही!

एवढ्यात गार वारा लागला. शालूबाई होत्या. त्यांनी सूप उचललं होतं आणि त्या मला वारा घालत होत्या. तोंड अजून फुगलेलं, पण हात थांबत नव्हता. वारा घालता घालता त्यांची नजर माझ्या पडद्यावर गेली.

"ही घरं कसली गं, वीटबंदीची?"

"पेशी हायत, आत्ती. कांद्याच्या."

"आन् परत्येकात ह्यो ठिपका?"

"केंद्रक. पेशीचा सगळा कारभार तितनं चालतोय."

शालूबाईंचं सूप क्षणभर थांबलं. "म्हंजे हरेक घरात देवघर हाय म्हन की," त्या म्हणाल्या आणि दुप्पट जोराने वारा घालू लागल्या.

बारा दिवसांनी, ऑगस्ट संपायच्या आत, क्रांतीच्या खात्यावर चार क्रेडिट जमा झाले. विश्वजितने माझा पंखा स्वतः खोलून साफ केला. त्यातून बोटभर धूळ निघाली. एवढीशी धूळ मला मारत होती, आणि सगळे म्हणत होते, म्हातारा झाला!

मित्रांनो, मला दया नको. जुनी वस्तू असो की शिक्षण राहून गेलेली वहिनी, "आता काय उपयोग" म्हणून कोपऱ्यात सारू नका. धूळ पुसा, लागलं तर थोडा वारा घाला, आणि काम सांगा. उरलेलं आम्ही बघून घेतो.