खिसेवाला वॉकर

आमचे हे शिंपी. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि परत करायच्या बोलीवर दवाखान्याचा एक वॉकर घरी आला. आठव्या दिवशी ह्यांनी त्याची मापं घेतली. दहाव्या दिवशी त्याच्या अंगावर अस्तर लावलेला, सहा खिशांचा डगला. कात्रीला एक, टेपला एक, खडूला एक, चष्म्याला एक आणि दोन उगीच. माझं ब्लाउज दोन वर्षं ‘उद्या देतो’त अडकलंय, तो भाग वेगळा.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता मोकळं चाला. हे चालायला लागले, पण वॉकर दोन्ही हातांनी उचलून. रस्त्यात माझा हात ह्यांनी जन्मात धरला नव्हता, आणि ह्या लोखंडाला मात्र क्षणभर सोडवेना. मला सवत आल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

परत करायच्या दिवशी वॉकर गायब. सापडत नाही म्हणाले, चेहरा अगदी गरीब. तेवढ्यात शेजारीण सांगत आली की भाऊजी सकाळी वॉकर खांद्यावर टाकून गच्चीवर गेले. दोन जिने! मी हसून हसून खालीच बसले.

हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, “तो नसला आणि मी परत पडलो तर?”

माझं हसू जिरलं. तोच दवाखान्यातून फोन आला. एक बाई घरी जायला तयार बसल्या होत्या, पण एकही वॉकर शिल्लक नव्हता. मी ह्यांना तसंच सांगितलं. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन विचारलं, “बाईंची उंची किती?”

गच्चीवरून वॉकर आला. खिसे उसवून दोन इंच खाली घेतले, पुन्हा शिवले. दवाखान्यात त्या बाईंना कुठला खिसा कशाचा ते दोनदा समजावलं आणि डगल्याची गुंडी लावून दिली.

बाहेर पडलो तर ह्यांना हातांचं काय करावं कळेना. खिशात घातले, मागे बांधले, पुन्हा काढले. शेवटी माझा हात धरला, चांगला घट्ट.

“घरापर्यंतच हं,” म्हणाले.

मी मान डोलावली आणि आमच्या गल्लीवरून सरळ पुढे निघाले.